अकरा दाते, बहात्तर दाते

घड्याळजींना सायकल येत नाही, हे चढावरच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ते घरात मोटरसायकल बनवताहेत, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत कशा खऱ्या असू शकतात, असं गल्लीने त्यांना अकरा महिने विचारलं. घड्याळजी उत्तर देत नसत. डोळ्याला भिंग लावून ते एखाद्या मनगटी घड्याळाच्या पोटात वाकत आणि विचारणाऱ्याला त्यांच्या टकलाशी बोलत बसावं लागे.

सायकल राहून गेली त्याचं कारण साधं होतं. वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, आणि सातव्या वर्षापासून यांची तिथे बैठक. बरोबरीची मुलं गुडघे फोडून घेत होती तेव्हा हे चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलायला शिकत होते. पुढे शिकू, पुढे शिकू म्हणता म्हणता एकसष्टावं लागलं. आता या वयात पडलो तर लोक हसतील या भीतीने ते चढले नाहीत, आणि चढले नाहीत म्हणून लोक हसायचे ते हसतच राहिले.

मोटरसायकल बनवायचं कारण मात्र त्यांच्या बायकोचा गुडघा हे होतं.

बायकोला सगळे सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं काढलेली बाई. गल्लीत कोणाला ताप आला, कोणाचं बोट कापलं, की आधी सिस्टर आणि मग डॉक्टर. खुद्द घड्याळजीही एकदा चारचौघांत ‘सिस्टर आल्या का?’ असं विचारून बसले होते आणि त्यांनी गल्लीला आठवडाभराचा विषय पुरवला होता.

बसचा थांबा चढाच्या पायथ्याशी आणि घर चढाच्या डोक्यावर. गल्ली इतकी अरुंद, की वर गेलेल्या टॅक्सीला वळायला जागा नाही. उलटीच खाली यावी लागते, म्हणून कोणी टॅक्सीवाला वर यायलाच तयार नसे. खाली बसचा हॉर्न ऐकू आला की घड्याळजी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत, आणि दाराची कडी वाजली की पुन्हा बघत. पूर्वी मध्ये सात मिनिटं जायची. मग अकरा जायला लागली, मग पंधरा. आता बावीस. त्या बावीस मिनिटांत तीन थांबे होते: एक दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन वाण्याच्या पायरीवर, एक विजेच्या खांबाला टेकून, आणि एक थेट स्वतःच्या दाराबाहेर, धाप खाली बसेपर्यंत. हा शेवटचा नवऱ्याला कळू नये म्हणून. नवऱ्याला सगळं सेकंदासकट कळत होतं.

मग एक दिवस सिस्टर म्हणाल्या, “पुरे झालं आता. निवृत्तीच्या चार वर्षं आधी घरी बसले तर काय आभाळ कोसळणार आहे?” गुडघ्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. सुट्टीच्या दिवशी ही बाई तीनदा कपाट आवरायची आणि चौथ्यांदा नवऱ्याला आवरायला घ्यायची. तीच ड्यूटीवरून आली की धापा टाकत का होईना, पण काहीतरी सांगत यायची. कोणत्या पोराने इंजेक्शनाच्या भीतीने पलंगाखाली मुक्काम ठोकला, कोणी उलट सिस्टरचीच नाडी तपासून ‘बरी होशील हं’ म्हटलं. ही घरात बसली तर विझून जाईल, असं त्यांना अगदी आतून वाटायचं. आणि तोंडाने हे सांगणं काही त्यांना जमत नव्हतं. घड्याळजींना जे बोलता येत नसे ते हाताने करायची त्यांची जुनी खोड होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी भांडण झालं की ते मुकाट्याने सिस्टरचं घड्याळ उघडून तेल घालत. त्या वर्षी त्या घड्याळाला इतकं तेल मिळालं की ते बंद पडलं.

तयार गाडी विकत आणावी, असं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण घड्याळजी कारागीर होते. शिवाय सिस्टरच्या धाकट्या भावाची एक जुनी मोटरसायकल इंजिन जाम होऊन धूळ खात पडलीच होती.

हा भाऊ मागच्या गल्लीत लेथ चालवायचा. त्याला सगळे ‘साधारण’ म्हणत. दांडा केवढा? साधारण बोटाएवढा. केव्हा देतोस? साधारण परवा. असं असूनही त्याच्या हातचं काम कधी चुकत नसे, आणि ज्यांनी अर्ध्या केसाच्या फरकापायी आयुष्य घालवलं त्या घड्याळजींच्या अंगाचा नेमका यानेच तिळपापड व्हायचा.

इंजिन काढून टाकलं. त्या जागी कारखान्यातल्या सामान वाहणाऱ्या बॅटरीगाडीची जुनी मोटर, बॅटरीसकट, बसवायची ठरली. सांगाडा मधल्या खोलीत आला आणि तिथेच राहिला. सिस्टरला स्वयंपाकघरात जायला हँडलखालून वाकून जावं लागे. रोज दुपारी, पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की घड्याळजी स्टँडवर उभ्या असलेल्या त्या सांगाड्यावर बसत, हँडल धरून डावीकडे वळत, उजवीकडे वळत. बायकोला रोज थांब्यावरून आपण मागे बसवून आणतोय, असं मनातलं चित्र होतं. तोल सांभाळण्याचं काय, हा प्रश्न त्यांनी तूर्त बाजूला ठेवला होता.

खरा घोळ चेनपाशी होता. मोटर मिनिटाला दोन हजार फेरे घेणार. तेवढेच फेरे मागच्या चाकाने घेतले तर गाडी चढ चढणार नाही, आणि सपाटीवर सुटली तर सरळ हवेतच जाईल. म्हणजे मोटरवर लहान दातेरी चाक, मागच्या चाकावर मोठं, आणि दोघांमध्ये चेन. कोणाला किती दाते, यावर घड्याळजींनी दोन वह्या भरल्या. चाकाचा घेर दोऱ्याने मोजला: एक मीटर नव्वद. सुरुवातीला मोठ्या चाकाला साठ दाते ठरले, कारण साठ या आकड्यावर त्यांचा जीव होता. पण दोन माणसं घेऊन चढ चढण्याएवढा जोर त्यात येईना. साठाचा मोह त्यांनी तीन आठवड्यांनी सोडला.

“अकरा आणि बहात्तर,” त्यांनी शेवटी मेहुण्यापुढे कागद ठेवला. “ताशी पस्तीसच्या वर पळणार नाही, पण चढेल.”

“बहात्तर? भाऊजी, चाक करायचंय की जेवायचं ताट?”

“लहानाने मोठं फिरवलं की वेग जातो आणि जोर येतो. घड्याळात मिनिटकाट्याकडून तासकाट्याकडे जाताना हेच होतं.”

“तासकाटा कधी चढ चढलाय का?”

“रोज दोनदा चढतो. सहापासून बारापर्यंत.”

साधारणने हात टेकले आणि दोन्ही चाकं कापून दिली.

मग चेनची लांबी. दोन आसांमधलं अंतर, दात्यांची बेरीज, वजाबाकीचा वर्ग, असं करत घड्याळजी रविवारची अख्खी सकाळ हिशेब मांडत बसले आणि उत्तर आलं एकशे पंचवीस पूर्णांक सात कड्या. तेवढ्यात साधारणने जमिनीवर चेन पसरली, एकदा दोन्ही चाकांभोवती गुंडाळून बघितली आणि म्हणाला, “साधारण सव्वाशे.”

घड्याळजींनी वही मिटली.

“चेनच्या कड्या सम लागतात,” मग ते खाकरून म्हणाले. “आत एक, बाहेर एक अशा असतात. एकशे सव्वीस घालू. आणि हे बघ, एकशे सव्वीसला अकराने भाग जात नाही. म्हणजे लहान चाकाच्या प्रत्येक दात्याला प्रत्येक कडी कधी ना कधी भेटणार. कोणा एकावर भार नाही. सगळे सारखे झिजतील.”

“तुमच्या आणि ताईच्या संसारासारखं.”

“आमच्या संसारात मी अकरा दात्यांचा आहे,” घड्याळजी म्हणाले. “मी जास्त फिरतो.”

“अहो, मला ऐकू येतंय,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

चेन बसवतानाही एकदा वाजलंच. साधारण म्हणाला, चेनला दोन बोटं ढील हवी. चाक खड्ड्यात वरखाली होतं, ताणून बसवली तर तुटेल. घड्याळजींच्या मते ढील हा कारागिराच्या आळसाला दिलेला दुसरा शब्द होता. शेवटी सिस्टर हँडलखालून वाकून जाता जाता म्हणाल्या, “पट्टीसुद्धा एक बोट जाईल इतकी सैल बांधतात, नाही तर हात काळा पडतो.” दवाखान्यातला पुरावा आल्यावर घड्याळजी नरमले आणि ढील एका बोटावर ठरली.

उरलं वायर जोडणं. मोटरला दोनच वायरी. अशा जोडल्या तर एका बाजूला फिरते, उलट जोडल्या तर दुसऱ्या बाजूला. घड्याळजींनी आपल्या नकाशात लाल शाईने बाण काढले. मागचं चाक पुढे जायला उजवीकडे फिरलं पाहिजे, म्हणून मोटरचं डावीकडे. याचा त्यांना विचारही करावा लागला नाही. शेजारशेजारची दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरतात, हे चोपन्न वर्षं त्यांनी भिंगातून रोज पाहिलं होतं. मेहुण्याने कागद डोळे झाकून मान्य केला. भाऊजींच्या आकड्यात चूक निघणं म्हणजे घड्याळाने तेरा वाजवणं, असं तोही मानत असे.

गाडी अशी तयार होत असतानाच राजीनाम्याचं पत्रही तयार झालं. लांबट खाकी पाकीट, वर मेट्रनबाईंचं नाव. ते मोठ्या घड्याळामागे खोचलेलं असायचं, म्हणजे वेळ बघायला मान वर केली की दिसायचं. घड्याळजी दिवसातून साठ वेळा वेळ बघत.

“रविवारी ड्यूटीवरून बाराच्या बसने येईन,” सिस्टरने सांगितलं. “तुमची गाडी चढली तर बघू. नाही चढली, तर सोमवारी मी पत्र देणार आणि मंगळवारी हा सांगाडा घरातून जाणार. मला माझ्या घरात ताठ उभं राहून चालायचंय.”

शनिवारी संध्याकाळी चाचणी झाली. मागचं चाक जमिनीपासून वर उचललेलं. घड्याळजींनी भिंग लावून डोळा चेनला भिडवला, साधारणने हँडलची मूठ पिळली. मोटर गुणगुणली, चेन सुळसुळली, चाकाच्या तारा दिसेनाशा झाल्या. एकही दाता अडखळला नाही. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी क्षणभर बघितलं, भुवई उंचावली आणि म्हणाल्या, “अहो, हे चाक...”

घड्याळजींनी तोंडावर बोट ठेवलं. “श्श! ऐकू दे.”

सिस्टरने खांदे उडवले आणि त्या आत गेल्या. घड्याळजी डोळे मिटून ऐकत राहिले. इतका चांगला आवाज त्यांनी घड्याळांच्या बाहेर कधी ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी वेळ बघायला मान वर केली, तर घड्याळामागे पाकीट नव्हतं.

आधी वाटलं, पडलं असेल. त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मागे बघितलं, खाली बघितलं. मग लक्षात आलं. सिस्टर सकाळच्या ड्यूटीला गेल्या होत्या आणि पाकीट त्यांच्याबरोबर गेलं होतं. एक दिवस आधीच. म्हणजे गाडी चढण्यावर तिचा विश्वासच नव्हता. का असावा? सायकल न येणाऱ्या माणसाच्या गाडीवर कोण विश्वास ठेवील? घड्याळजी घड्याळ मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिले. साधारण गाडी न्यायला आला तेव्हा ते म्हणाले, “आता काय उपयोग?” आणि कारण सांगितलं नाही. पण बस बाराची होती, आणि चोपन्न वर्षांत घड्याळजी ठरल्या वेळेला कुठे पोचले नाहीत असं झालं नव्हतं. ते उठले.

गाडी ब्रेक दाबत दाबत खाली उतरवली. रविवार असल्यामुळे चढावरच्या घराघरांच्या खिडक्यांत माणसं होती. खाली थांब्याशेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकासकट खुर्ची दाराकडे वळवून घेतली. बारा वाजून दोन मिनिटांनी बस आली. सिस्टर उतरल्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. घड्याळजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

“चल, दाखव,” ते मेहुण्याला म्हणाले.

साधारण गाडीवर बसला. तोंड चढाकडे. त्याने छाती पुढे काढली, सगळ्या गल्लीकडे एकदा बघून घेतलं आणि मूठ पिळली.

गाडी सुटली. जोर होता, वेग होता, आवाज तर अप्रतिम होता. फक्त ती मागे गेली. साधारण चढाकडे तोंड करून, छाती तशीच पुढे काढून, सन्मानाने मागे मागे गेला. थांब्याच्या बाकावर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी शिस्तीत पाय वर घेतले. त्यांच्यासमोरून गाडी गेली आणि थांब्याच्या खांबाला मागून टेकली. ठण्ण असा आवाज झाला. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालावर साबण घेऊन बाहेर आलं.

चढावरच्या खिडक्यांतून जो हशा उठला तो खालपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

घड्याळजींनी खिशातून नकाशा काढला. “आकडे बरोबर आहेत,” ते म्हणाले. “अकरा, बहात्तर. मोटर डावीकडे, चाक उजवीकडे. बरोबर आहे सगळं.”

न्हाव्याच्या भिंतीला त्याची सायकल टेकून उभी होती. सिस्टरने तिचं मागचं चाक एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने पायडल पुढे ढकललं. “बघा.”

घड्याळजींनी बघितलं. पायडलचं चाक पुढे फिरत होतं. मागचं चाकही पुढेच फिरत होतं. दोन्ही एकाच बाजूला, मध्ये चेन. त्यांनी खाली बसून पुन्हा बघितलं. सिस्टरने पुन्हा फिरवलं. घड्याळातली चाकं एकमेकांना दाते लावून बसतात, म्हणून उलट फिरतात; इथे कोणी कोणाला शिवतच नव्हतं, सगळा कारभार चेनमार्फत. सात वर्षांच्या पोराला, ज्याने एकदा सायकल उताणी करून पायडल फिरवलंय, त्याला जे कळतं ते एकसष्टाव्या वर्षी घड्याळजींना न्हाव्याच्या दारात कळलं.

“तुला माहीत होतं?”

“काल सांगतच होते की, हे चाक उलटं फिरतंय. तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत.”

घड्याळजींनी कपाळावर हात मारला. आणि मग, हे गल्लीने पुढे कितीतरी दिवस सांगितलं, ते हसायला लागले. थांब्याच्या फरशीवर बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं, दोन वह्या भरल्या! दोन!”

वायरी उलट जोडायला दोन मिनिटं लागली. चाक उचलून मूठ पिळली, ते पुढे फिरलं. पण घड्याळजींनी मान कलती केली. “थांब. टक् वाजतंय.”

“कुठे? मला तर नाही ऐकू आलं,” साधारण म्हणाला.

“खांबाला आपटली तेव्हा मोटर आत सरकलीय. चेन तिरकी पडतेय. चढावर ताण आला की उतरेल.” त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. “मोटरच्या मागे पट्टी हवी. पितळेची पट्टी वर घरी आहे.” ते चढाकडे बघत राहिले. वर जाऊन, पट्टी कापून परत यायला अर्धा तास. खिडक्यांतली माणसं आत जायला लागली होती. सिस्टर उन्हात एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

“केवढी जाड हवी?” सिस्टरने विचारलं.

“एक मिलिमीटर,” घड्याळजी म्हणाले. मग त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द गेला. “साधारण.”

मेहुण्याने चमकून त्यांच्याकडे बघितलं.

सिस्टरने पिशवी उघडली. आतून लांबट खाकी पाकीट काढलं. बंदच होतं. त्यांनी त्याची घडी केली, मग दुसरी, मग तिसरी; पट्ट्या कापायच्या कात्रीने बोल्ट जातील अशा दोन खाचा पाडल्या आणि वरून चिकटपट्टीचा एक वेढा दिला. हे सगळं त्या इंजेक्शन भरल्यासारखं न बघता करत होत्या.

“अगं, हे तर...” घड्याळजी म्हणाले.

“सोमवारी विसरायला नको म्हणून पिशवीत टाकलं होतं. एवढी जाडी पुरेल?”

“गाडी चढली नाही तर?”

“अहो, पुरेल की नाही ते सांगा.”

घड्याळजींनी ते हातात घेतलं. बोटांनी जाडी चाचपली. खरं तर थोडं जास्तच होत होतं, पण ते म्हणाले, “अगदी बरोबर.” मोटरचे बोल्ट सैल करून त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि पुन्हा आवळले. चाक फिरवून ऐकलं. टक् गेलं होतं.

“कागद दबेल, भाऊजी,” साधारण हळूच म्हणाला.

“दबू दे.”

आता चालवणार कोण, हा प्रश्न आला. घड्याळजी हँडलकडे गेले, हँडलकडे बघितलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. साधारण पुढे झाला तर घड्याळजींनी त्याला अडवलं. “हिशेब दोन माणसांचा आहे. माझे अठ्ठावन्न किलो आणि हिचे...”

“आकडा सांगायचा नाही,” सिस्टर म्हणाल्या. “बाजूला व्हा.”

त्यांनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, दुखरा पाय सावकाश पलीकडे टाकला आणि हँडल धरलं. पहिल्या नोकरीत, लसी टोचायला गावोगाव हिंडताना त्या तीन वर्षं लहान मोटरसायकल चालवत होत्या. घड्याळजींना हे ठाऊक होतं. अकरा महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं.

“बसताय ना? की पुढच्या बसची वाट बघताय?”

घड्याळजी मागे बसले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात खिशातलं घड्याळ, आणि धरायला तिसरा हात नाही. शेवटी पिशवी दातात धरून त्यांनी बायकोचा खांदा पकडला.

गाडी हलली. पुढे हलली. थांब्यावरच्या म्हाताऱ्यांनी खबरदारी म्हणून पाय वरच ठेवले होते. गाडी वाण्याच्या पायरीवरून गेली, थांबली नाही. मग विजेचा खांब आला, जिथे चढ सगळ्यात उभा आहे. तिथे मोटरचा आवाज जाड झाला, वेग पडला, पडत पडत माणसाच्या चालीवर आला. मागून धावत येणाऱ्या साधारणने दोन्ही हात पुढे केले.

“हाग आऊ गकोश!” घड्याळजी पिशवीमागून ओरडले. त्यांचा अर्थ होता, हात लावू नकोस. साधारणला तो शब्दांशिवायच समजला.

चेन ताणली गेली. घड्याळजींना ती पायाखाली जाणवत होती, एकेक कडी, एकेक दाता. अकरा. बहात्तर. ते श्वास रोखून मोजत होते. खांब बरोबरीला आला. खांब मागे पडला. मग चढ सैलावला आणि गाडी गुणगुणत सरळ दारापुढे जाऊन उभी राहिली.

सिस्टरने हात लांब करून दाराची कडी वाजवली. घड्याळजींनी घड्याळात बघितलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. धाप लागली होती ती एकट्या घड्याळजींना, तीही भीतीने.

खिडक्यांतून टाळ्या वाजल्या. सिस्टरने दोन्ही हात पुन्हा हँडलवर ठेवले. त्या म्हणाल्या, “उद्या सकाळची ड्यूटी आहे. उतरताना ब्रेक नीट लागतात ना?”

“लागतात. आज दुपारीच पितळेची पट्टी कापून घालतो मोटरमागे. कागदाचा भरवसा नाही.”

“आणि ते काढून मला परत देणार?”

घड्याळजींनी घड्याळ खिशात ठेवलं. मग जे अकरा महिने हातांनी सांगत होते ते एकदाचं तोंडाने सांगितलं. “अगं, तू घरात बसू नयेस असं मला फार वाटतं. तू दमून येतेस, पण येतेस तेव्हा तू असतेस.”

सिस्टरने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते. त्या पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत. “मग राहू द्या ते तिथेच,” त्या म्हणाल्या. “आणि पिशवीला तुमचे दात लागलेत, ती धुवा.”

घड्याळजींच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक अक्षरांत तारीख आणि काय केलं ते कोरून ठेवायचं. मालकाला ते कधी दिसत नाही. ते असतं पुढे केव्हातरी ते झाकण उघडणाऱ्या कारागिरासाठी. त्या दुपारी घड्याळजींनी मोटरवरच्या पत्र्याच्या आत तारीख कोरली. त्याखाली बाण कोरला, या वेळी बरोबर बाजूला. आणि बाणाखाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, तीन शब्द: कागद काढू नये.